सिम्युलेटरवरचा सराव: सलग की अंतराने? एकेक घोटून की मिसळून?

दिशादर्शक

विमानाच्या सिम्युलेटरवर शिकवणं हे माझं रोजचं काम. शस्त्रक्रिया, क्रेन, जहाज, ट्रक अशा कुठल्याही निमित्ताने ज्यांचा सिम्युलेटरशी संबंध येतो, त्यांच्याशी एका विषयावर सविस्तर बोलायचं आहे: सरावाचं वेळापत्रक. यंत्र कोणतं, चित्र किती खरं दिसतं, खालचा प्लॅटफॉर्म हलतो की नाही, यावर आपण तासन्तास चर्चा करतो. त्याच यंत्रावरचे तेवढेच तास कसे वाटायचे, हे मात्र बुकिंग सांभाळणाऱ्यावर सोडून देतो.

माझं म्हणणं आधीच सांगतो. बैठकीच्या शेवटी दिसणारा स्कोअर हा शिकल्याचा पुरावा नाही. त्या तासाला हात कसा चालला, एवढंच त्यातून कळतं. त्या स्कोअरकडे बघून वेळापत्रक आखलं, तर ते बहुतेक वेळा चुकतंच.

आडव्या वाऱ्यात विमान उतरवायला शिकवायचं आहे असं समजा. सिम्युलेटरवर रीपोझिशन नावाची सोय असते. बटण दाबलं की विमान पुन्हा धावपट्टीच्या काही मैल अलीकडे, योग्य उंचीवर, योग्य वेगात हजर. उतरलात की परत बटण. तासाभरात भरपूर लँडिंग होतात. पहिली दोन वेडीवाकडी, मग हळूहळू सुधारणा, शेवटची तीन-चार बघत राहावीत अशी. शिकणारा खूश, शिकवणारा खूश, फॉर्मवर बरोबरची खूण. खऱ्या विमानात मात्र दोन लँडिंगच्या मधे अख्खं सर्किट उडावं लागतं. टेकऑफ, चढण, वळणं, चेकलिस्ट, रेडिओ. तेवढ्या वेळात मागच्या खेपेला रडरवर (विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या पॅडलवर) पाय किती दिला होता हे निसटून गेलेलं असतं. ते पुन्हा आठवावं लागतं, वारा बघून पुन्हा जुळवावं लागतं. बटणाने हा मधला वेळ कापला, आणि आठवण्याची गरजही त्याच्याबरोबर कापली गेली.

यावरचा गाजलेला प्रयोग १९७९ सालचा, शे आणि मॉर्गन यांचा. हातात टेनिसचा चेंडू घेऊन ठरलेल्या क्रमाने लहान लाकडी फळ्या पाडायच्या, जमेल तितक्या लवकर. असे तीन वेगवेगळे क्रम. एका गटाने एक क्रम पूर्ण घोटला, मग दुसरा, मग तिसरा. दुसऱ्या गटाने तेवढाच सराव तिन्ही क्रम मिसळून केला. सराव चालू असताना घोटणारा गट स्पष्टपणे पुढे होता. दहा मिनिटांनी आणि नंतर दहा दिवसांनी तपासलं, तेव्हा पारडं फिरलं. घोटून शिकलेल्यांना चाचणीत तेच क्रम मिसळून विचारले, तेव्हा तर त्यांची फारच तारांबळ उडाली.

फळ्या पाडणं म्हणजे काही विमान उडवणं नव्हे, हे मान्य. म्हणून १९९४ चं उदाहरण देतो. हॉल, डोमिंग्ज आणि कव्हासोस यांनी कॉलेजच्या संघांतल्या मुरलेल्या बेसबॉल खेळाडूंना जादा सराव दिला. आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी ४५ चेंडू, सहा आठवडे. चेंडू तीन प्रकारचे. एका गटाला आधी एका प्रकारचे १५, मग दुसऱ्याचे १५, मग तिसऱ्याचे. दुसऱ्या गटाला तेच ४५, पण पुढचा कुठला येणार याचा पत्ता नाही. शेवटच्या चाचणीत घोटणाऱ्यांची फलंदाजी सुमारे २५ टक्क्यांनी सुधारली होती, मिसळून खेळणाऱ्यांची सुमारे ५७ टक्क्यांनी. चेंडू तेवढेच, दिवस तेवढेच, फक्त क्रम बदलला.

कारण काय असावं? ली आणि मॅगिल यांनी १९८३ मध्ये मांडलेलं स्पष्टीकरण मला पटतं. एकच गोष्ट लागोपाठ केली, की मागच्या खेपेची जुळणी हातात तयार असते, तीच पुढे ढकलली जाते. मधे दुसरं काही आलं, की ती जुळणी विसरली जाते आणि नव्याने उभी करावी लागते. एखादं गणित नुकतंच सोडवलं आणि लगेच तेच पुन्हा विचारलं, तर कुणी ते सोडवत नाही, लक्षात असलेलं उत्तर सांगतो. सोडवण्याचा सराव तेव्हाच होतो, जेव्हा उत्तर डोक्यातून गेलेलं असतं.

तुमच्या क्षेत्रात वेळापत्रक कसं लावतात? आणि ते कोण ठरवतं?

सुईदोरा

अत्यंत जिव्हाळ्याचा विषय. मी शस्त्रक्रिया शिकवते, लॅप्रोस्कोपीचा, म्हणजे दुर्बिणीतून करायच्या शस्त्रक्रियेचा, सिम्युलेटर आमच्याकडे रोज चालतो.

तुम्ही दोन गोष्टी एकत्र केल्या आहेत, त्या आधी सोडवून घेऊ या. बैठकीच्या आत कामांचा क्रम कसा लावायचा, हा एक प्रश्न. बैठका एकाच दिवशी की दिवसांचं अंतर ठेवून, हा दुसरा. आमच्याकडे दुसऱ्यावर चांगला पुरावा आहे.

२००६ मध्ये मूल्टन आणि सहकाऱ्यांनी ३८ कनिष्ठ निवासी डॉक्टरांवर प्रयोग केला. विषय होता बारीक रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली एकमेकींना जोडणं. चार बैठका. अर्ध्या लोकांनी चारही एकाच दिवशी केल्या, उरलेल्यांनी आठवड्याला एक याप्रमाणे. प्रशिक्षण संपल्या संपल्या दोन्ही गट सारखेच दिसत होते. महिन्याभराने पुन्हा बोलावलं आणि भूल दिलेल्या जिवंत उंदराच्या रक्तवाहिनीवर काम दिलं. आठवड्याच्या अंतराने शिकलेले बहुतेक मोजमापांत सरस ठरले. एका दिवसात सगळं उरकलेल्यांपैकी काहींच्या हातून रक्तवाहिनी दुरुस्तीपलीकडे फाटली, काम पूर्णच होऊ शकलं नाही.

माझ्या मते या प्रयोगातला सगळ्यात महत्त्वाचा भाग मधला आहे: प्रशिक्षण संपल्यावर दोन्ही गट सारखे दिसत होते. त्याच दिवशी परीक्षा घेऊन प्रमाणपत्र दिलं असतं, तर दोन्ही प्रकारचे डॉक्टर एकाच शेऱ्यासह बाहेर पडले असते. शनिवार-रविवारच्या कार्यशाळांमध्ये आपण नेमकं हेच करतो. शुक्रवारी सामान लावायचं, रविवारी संध्याकाळी परीक्षा आणि फोटो. त्या माणसाचा हात पुढच्या महिन्यात कुठे असेल, हे कुणी बघायला जात नाही. मला याचा मनापासून राग येतो, कारण शेवटी टेबलावर रुग्ण असतो.

सिम्युलेटरच्या उपयोगाबद्दल मात्र माझ्या मनात शंका नाही. सेमूर आणि सहकाऱ्यांच्या २००२ च्या अभ्यासात संगणकी सिम्युलेटरवर तयार झालेल्या निवासी डॉक्टरांनी पित्ताशय सोडवण्याचं काम २९ टक्के लवकर केलं. सिम्युलेटरवर न शिकलेल्यांच्या हातून पित्ताशयाला इजा होण्याची किंवा नको त्या ठिकाणी भाजलं जाण्याची शक्यता पाचपट होती. आणि त्या डॉक्टरांना तास मोजून सोडलं नव्हतं, ठरलेली पातळी गाठेपर्यंत त्यांचा सराव चालू ठेवला होता.

अर्धविराम

वाचतोय. मी शिकवणारा नाही, शिकणारा आहे. ट्रेलर जोडलेला ट्रक सिम्युलेटरवर शिकतोय. मिसळून करण्याबद्दल सगळे इतक्या खात्रीने लिहितायत, म्हणून विचारतो. आमच्या प्रशिक्षकांनी पहिल्याच दिवशी सगळं मिसळलं. एक फेरी ट्रेलर मागे घेण्याची, एक चढावर गाडी उचलण्याची, एक उतारावर ब्रेक सांभाळण्याची, पुन्हा ट्रेलर. ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंग उलट फिरवायचं असतं, ते डोक्यात बसायच्या आत पुढचं सुरू. मला दिवसभरात एकही गोष्ट कळली नाही. परत जायची इच्छा उरली नव्हती. हे माझ्या भल्याचं होतं असं म्हणायचं का?

सुईदोरा

@अर्धविराम, नाही. जे अजून एकदाही बांधलं गेलेलं नाही, ते आठवून पुन्हा बांधणार कसं? ट्रेलरचं उलट स्टिअरिंग निदान काही वेळा सलग करून, "हे असं होतं होय" एवढं कळल्यावरच मिसळण्यात अर्थ आहे. तुमच्या प्रशिक्षकांशी याबद्दल जरूर बोला.

पृथक्

कौशल्य-अध्ययन हा माझा अभ्यासाचा विषय, त्यामुळे थोडं विरोधात लिहितो. धाग्याचा सूर असाच राहिला, तर लोक "मिसळा, मिसळा" एवढंच घेऊन जातील.

१. मिसळण्याचा फायदा प्रयोगशाळेतल्या सोप्या कामांत ठसठशीत दिसतो. मैदानावर, वर्गात, खऱ्या कौशल्यांत तो बराच फिका पडतो. ब्रॅडी यांनी २००४ मध्ये उपलब्ध अभ्यास एकत्र करून हेच दाखवलं. बेसबॉलचा प्रयोग सुंदर आहे, पण ते खेळाडू आधीच तयार होते, हे विसरू नका.

२. वुल्फ आणि शे यांनी २००२ मध्ये स्पष्ट लिहिलं, की साध्या कामांवरून काढलेले नियम गुंतागुंतीच्या कामांना जसेच्या तसे लागू होत नाहीत. यातले शे हे १९७९ च्या शे यांच्यापेक्षा वेगळे, पण मुद्दा त्याच वर्मावर आहे. एखादं काम मुळातच इतकं अवघड असतं, की ते सलग केलं तरी डोकं पूर्ण कामाला लागलेलं असतं. त्यावर आणखी ओझं टाकलं तर शिकणं वाढत नाही, थांबतं.

३. ग्वादान्योली आणि ली यांनी २००४ मध्ये ही गाठ सोडवायचा चांगला प्रयत्न केला. त्यांच्या मते अडचण ही कामात एकटी नसते, काम आणि माणूस यांच्या जोडीत असते. प्रत्येक शिकणाऱ्यासाठी अडचणीची एक योग्य पातळी असते. नवख्यासाठी ती खाली, मुरलेल्यासाठी वर, आणि सरावाबरोबर सरकत जाते. अर्धविराम यांना त्यांच्या पातळीच्या खूप वर नेऊन बसवलं गेलं. आणि दिशादर्शक यांचा सराईत वैमानिक बटण दाबून एकच लँडिंग करतो, तेव्हा तो आपल्या पातळीच्या खूप खाली असतो.

अंतराने सराव करण्याचा पुरावा मात्र फार जुना आणि फार भक्कम आहे. एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं, की निरर्थक अक्षरांची यादी एका दिवशी ६८ वेळा घोकून जे साधतं, तेच तीन दिवसांत विभागलेल्या ३८ वेळांत साधतं. तेव्हापासून शब्द, टायपिंग, टाके, सगळीकडे हाच कल दिसत आला आहे. वेळापत्रकात एकच गोष्ट बदलता येणार असेल, तर दिवसांचं अंतर बदला. क्रमाचं नंतर बघू.

दिशादर्शक

@पृथक्, तुमचा शेवटचा परिच्छेद मला पूर्ण मान्य. अंतर आधी, क्रम नंतर.

दुसऱ्या मुद्द्यावर एवढंच म्हणेन, की सिम्युलेटरवर शिकणारी बरीच माणसं नवखी नसतातच. दर काही महिन्यांनी उजळणीला येणारा वैमानिक हजारो तास उडालेला असतो. त्याची परीक्षा कशी होते बघा. टेकऑफच्या ऐन वेळी एक इंजिन बंद पडणार, हे त्याला माहीत असतं. तो खुर्चीत बसतानाच पाय तयार ठेवून बसतो. २०१३ मध्ये कॅसनर, गेवेन आणि विल्यम्स यांनी हेच तपासलं. विमान कंपनीच्या वैमानिकांना ओळखीचे बिघाड नेहमीच्या ठरलेल्या पद्धतीने दिले, तेव्हा सगळं व्यवस्थित पार पडलं. तेच बिघाड अनपेक्षित वेळी, अनपेक्षित रूपात दिले, तेव्हा प्रतिसाद उशिरा येऊ लागले आणि माणसागणिक बदलू लागले. म्हणजे कौशल्य होतं, पण ते ठरावीक प्रसंगाला चिकटलेलं होतं. लँडमन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये उलट बाजूने दाखवलं: ज्या वैमानिकांना प्रशिक्षणात प्रसंग बदलून बदलून आणि न सांगता दिले, ते नंतरच्या अचानक प्रसंगात जास्त चांगले वागले.

मुरलेल्या माणसाला ठरलेल्या क्रमाने तपासत राहणं म्हणजे त्याचा वेळ वाया घालवणं आहे, असं माझं ठाम मत आहे.

गँट्री

बंदरावरच्या कंटेनर क्रेनचं प्रशिक्षण देतो. अजून एक बाजू सांगतो, कारण ती वर कुणाकडून आली नाही.

क्रेनचं सगळं कौशल्य झोक्यात आहे. ट्रॉली, म्हणजे वरच्या तुळईवर सरकणारा गाडा, थांबली तरी खाली लटकणारा कंटेनर पुढे झुलत राहतो. मुरलेला ऑपरेटर थांबायच्या आधी ट्रॉली हलकेच पुढे नेतो आणि झोका मारून टाकतो. हे कधी करायचं, हे झोक्याच्या लयीवर ठरतं, आणि लय ठरते दोराच्या लांबीवर. दोर चौपट लांब असेल तर झोक्याला दुप्पट वेळ लागतो. वजनाने लयीत फारसा फरक पडत नाही, लांबीने पडतो.

आता सिम्युलेटरवर काय होतं? धडा क्रमांक एक, कंटेनर अमुक उंचीवर, जहाज अमुक जागी. पोरं त्याच धड्यावर बसतात आणि एकच लय पक्की करतात. त्या लयीत हात असा बसतो, की स्कोअर शंभराला टेकतो. मग दोर निम्मा केला की हात जुन्याच लयीत पुढे जातो आणि झोका मरण्याऐवजी वाढतो. हे आम्ही वर्षानुवर्षं बघतोय.

म्हणून माझ्याकडे काम एकच, म्हणजे झोका मारणं, पण दोराची लांबी, वारा, उतरवायची जागा प्रत्येक खेपेला थोडी वेगळी. पहिल्या आठवड्यात स्कोअर रडकुंडीला आणणारे असतात. नंतर लांबी कुठलीही द्या, हात आपोआप लय शोधतो. याला कामं मिसळणं म्हणायचं का, ते पृथक् यांनी सांगावं.

पृथक्

@गँट्री, फार छान उदाहरण, वर्गात सांगणार. नाही, ही वेगळी गोष्ट आहे. याला सरावातलं वैविध्य म्हणतात: काम तेच, मापं बदलती. मागची कल्पना श्मिट यांची, १९७५ ची. माणूस एकेक हालचाल साठवत नाही, तर "मापं अशी असतील तर जोर इतका" असा नियम तयार करतो, आणि नियम तयार व्हायला वेगवेगळी मापं लागतात.

याचा लाडका प्रयोग कर आणि बूथ यांचा, १९७८ चा. लहान मुलांनी छोट्या पिशव्या लक्ष्यावर टाकायच्या. आठ वर्षांच्या मुलांच्या एका गटाने फक्त तीन फुटांवरून सराव केला. दुसऱ्याने दोन आणि चार फुटांवरून, तीन फुटांवरून एकदाही नाही. परीक्षा तीन फुटांवरून घेतली, आणि दुसरा गट सरस ठरला.

सिम्युलेटरची खरी ताकद इथे आहे. खऱ्या बंदरात मागाल तेव्हा हवा तो वारा मिळत नाही, सिम्युलेटरवर आकडा टाकला की मिळतो. तरी बहुतेक ठिकाणी सगळे जण त्याच एका साठवलेल्या धड्यावर बसवले जातात.

सुईदोरा

गँट्री यांची पोस्ट वाचून मी आमच्या टाक्यांच्या धड्यांकडे नव्याने बघतेय. सुईचा कोन आणि उतीची जाडी बदलता येते, आम्ही ती बदलतच नाही.

वहीवाला

धागा वाचनखूण करून ठेवला. वर ज्याला दोन-तीनदा टोचलं गेलंय, तो बुकिंग सांभाळणारा माणूस मी. बाजू मांडतो.

यंत्र एक, माणसं वीस. माणसं लांबून येतात, त्यांच्या कामावरून सुट्टी घेऊन येतात. त्यांना "आज एक तास, आठ दिवसांनी एक तास" सांगितलं, तर ती येणारच नाहीत. शिवाय दर बैठकीला यंत्र चालू करणं, माहिती देणं, शेवटी चर्चा, यात वेळ जातो. छोट्या बैठका केल्या की हा वेळ वाढतो. सिम्युलेटर हा मुळातच खर्च वाचवायला जन्माला आला. एडविन लिंक यांनी १९२९ मध्ये वडिलांच्या ऑर्गनच्या कारखान्यातले भाते आणि हवेचे पंप वापरून पहिलं यंत्र बांधलं, ते उड्डाणाचा खर्च कमी व्हावा म्हणूनच. तेव्हापासून या धंद्यात तास भरून काढण्याला मोल आहे.

आणि लोकांना सलगच आवडतं, हे मी ठामपणे सांगतो. अभिप्रायाच्या फॉर्मवर सलग तीन दिवसांच्या कोर्सला नेहमी जास्त गुण मिळतात.

पृथक्

@वहीवाला, तुमची बाजू खरी आहे, आणि ती मोजलीही गेली आहे. बॅडली आणि लाँगमन यांनी १९७८ मध्ये ब्रिटिश टपाल खात्यातल्या कर्मचाऱ्यांना टंकलेखन शिकवण्याचे चार प्रकार तपासले. दिवसाला एक तास, दिवसाला दोन तास सलग, दिवसातून दोनदा एकेक तास, दिवसातून दोनदा दोनदोन तास. दिवसाला एकच तास करणाऱ्यांना कळफलक शिकायला सुमारे ३५ तास लागले. रोज चार तास करणाऱ्यांना त्याच पातळीला सुमारे ५० तास. म्हणजे यंत्राचे पंधरा तास फुकट गेले. पण सगळ्यात नाराज कोण होते? रोज एक तासवाले, कारण त्यांचं शिकणं कितीतरी जास्त दिवस चाललं.

खर्चाचा हिशोब तासांत केला तर अंतराचा सराव स्वस्त पडतो, दिवसांत केला तर महाग. संस्थेचा खर्च नक्की कशात होतो, हे तुम्हालाच माहीत. आणि अभिप्रायाच्या फॉर्मवर वेळापत्रक ठरवू नका ही विनंती. सोपं गेलं म्हणून मिळालेले गुण आणि शिकलो म्हणून मिळालेले गुण त्या फॉर्मवर एकाच रकान्यात पडतात.

दिशादर्शक

वहीवाल्यांची अडचण मी रोज बघतो, म्हणून तीन दिवसांच्या चौकटीतच काय करता येईल ते लिहितो. आमच्याकडे हे चालतं.

दोन माणसांना एकत्र बोलवा आणि आळीपाळीने बसवा. एक उडवतो, दुसरा बाजूला बसून बघतो, रेडिओ आणि चेकलिस्ट सांभाळतो. दर पंधरा-वीस मिनिटांनी अदलाबदल. यंत्र सतत चालू राहतं, म्हणजे वहीतला एकही तास रिकामा जात नाही, आणि प्रत्येकाला मधे उसंत मिळते. बघणंही वाया जात नाही. शे, वुल्फ आणि व्हिटेकर यांनी १९९९ मध्ये तोल सांभाळण्याच्या कामावर दाखवलं, की जोडीने आळीपाळीने सराव करणारे नंतरच्या चाचणीत एकट्याने करणाऱ्यांपेक्षा पुढे होते.

दुसरं, पहिल्या दिवशीचा महत्त्वाचा धडा त्याच दिवशी संपवू नका. "जमतंय" असं दिसायला लागलं की थांबवा आणि उरलेल्या खेपा दुसऱ्या व तिसऱ्या दिवशी ठेवा. मधे रात्र जाते. झोपेनंतर हाताच्या हालचालींचा क्रम आणखी पक्का होतो, हे वॉकर आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये बोटांच्या कामावर दाखवलं होतं. तीन दिवसांचे तीनच धडे, पण तिन्ही दिवसांत पसरलेले.

रीपोझिशनचं बटण मी काढून टाकलेलं नाही. नवख्याला पहिल्या काही लँडिंगसाठी ते द्यायलाच हवं. त्यानंतर मात्र दोन लँडिंगच्या मधे काहीतरी वेगळं: गो-अराउंड (न उतरता पुन्हा वर चढणं), होल्डिंग (हवेत घिरट्या घालत थांबणं), एखादा छोटा बिघाड. तास तोच, लँडिंगची संख्या कमी. संख्या कमी झाल्याची तक्रार दरवेळी होते, आणि दरवेळी मला पुन्हा समजावून सांगावं लागतं.

अर्धविराम

ट्रेलरबद्दल प्रशिक्षकांशी बोललो. एक पूर्ण बैठक फक्त मागे घेण्याला दिली, आता पुढच्या बैठकीपासून चढ-उतार मिसळणार आहेत. अजून एक विचारतो. रोज बसलं की मला मळमळतं, विशेषतः वळणांवर. अंतर ठेवल्याने याच्यात काही फरक पडतो का?

गँट्री

पडतो. सुरुवातीच्या बैठका लहान ठेवा आणि मळमळ सुरू झाली की लगेच थांबा, रेटू नका. एक-दोन दिवसांनी पुन्हा बसा. बहुतेकांचं शरीर काही बैठकांत सरावतं. सुरुवातीला तीव्र वळणं आणि अचानक ब्रेक टाळायला सांगा. एका दिवसात सगळे तास उरकायला न लावण्याचं हे आणखी एक कारण.

सुईदोरा

एक राहून गेलं: स्क्रीनवर दिसणाऱ्या आकड्यांचं वेळापत्रक. आमचा सिम्युलेटर प्रत्येक खेपेनंतर वेळ, चुका, हाताने कापलेलं अंतर, सगळं दाखवतो. विन्स्टाइन आणि श्मिट यांनी १९९० मध्ये दाखवलं, की प्रत्येक प्रयत्नानंतर निकाल सांगण्यापेक्षा साधारण निम्म्या प्रयत्नांनंतर सांगितला, आणि पुढे पुढे आणखी कमी केला, तर नंतरच्या चाचणीत हात जास्त टिकतो. दर वेळी आकडा मिळाला, की माणूस स्वतःच्या हाताकडे लक्ष देणं सोडतो. मी आता काही खेपांना स्क्रीन झाकते आणि आधी त्यांनाच विचारते, "कसं झालं? कुठे चुकलं?" उत्तर आल्यावरच आकडा उघडते. त्यांचं उत्तर आणि आकडा यांतला फरक हळूहळू कमी होत जाताना बघणं मला फार आवडतं.

आणि स्कोअर कुठला धरायचा, याबद्दल माझा नियम: बैठकीतला पहिला प्रयत्न. काही दिवसांच्या अंतरानंतर, हात गरम व्हायच्या आत, कुणी काही न सांगता केलेला. नोंदवहीत मी तोच लिहिते. शेवटचा चांगला प्रयत्न लिहितच नाही. रुग्णासमोर गेल्यावर हात गरम करायला तीन खेपा कुणी देत नाही.

दिशादर्शक

पहिला प्रयत्न नोंदवायची कल्पना मी उचलतोय. आमच्या फॉर्मवर "सर्वोत्तम" असा रकाना आहे, त्याच्या शेजारी "पहिला" हवा.

वहीवाला

जोडीने बसवण्याचं गणित करून बघितलं, तास खरंच वाढत नाहीत. पुढच्या बॅचला लावतो. फक्त एक सांगा, अंतर नेमकं किती ठेवू? दोन दिवस? आठवडा? महिना?

पृथक्

@वहीवाला, हे परीक्षा किंवा प्रत्यक्ष काम किती दिवसांनी आहे यावर अवलंबून. सेपेडा आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये १,३५० हून अधिक लोकांवर हे तपासलं. आठवडाभराने आठवायचं असेल तर दोन बैठकांमधलं एक दिवसाचं अंतर सर्वांत चांगलं ठरलं, सत्तर दिवसांनी आठवायचं असेल तर सुमारे तीन आठवड्यांचं. तो अभ्यास माहिती लक्षात ठेवण्याचा होता, हातांच्या कौशल्याचा नव्हता, म्हणून आकडे जसेच्या तसे उचलू नका. कल मात्र घ्या: जितकं जास्त टिकवायचं, तितकं अंतर वाढवायचं.

अजून एक भेद वेळापत्रक लावताना सांभाळा. हाताचा सततचा ताबा, म्हणजे स्टिअरिंग, झोका, लँडिंग, बराच काळ टिकतो. क्रमाने करायच्या पायऱ्या, म्हणजे आगीचा बिघाड आला तर आधी काय, मग काय, या त्यापेक्षा कितीतरी लवकर निसटतात. जागा थोडीच असेल, तर उजळणीच्या बैठका पायऱ्यांना द्या, आणि त्या दोन उजळण्यांच्या मधे खुर्चीशिवाय, साध्या टेबलावर, चेकलिस्ट न बघता पायऱ्या म्हणायला लावा. त्याला यंत्र लागत नाही, बुकिंगही लागत नाही.